मॅपवाल्या बाईला जेवणाचं आवतण

मंडळी, आज भाचीच्या साखरपुड्याला हिंगोलीहून शिरड शहापूरकडं निघालो. कार्यक्रम शेतात, अन् मामा म्हणून नवरीची साडी माझ्याच गाडीत. उशीर करून चालणार नव्हतं.

गाडीच्या स्पीकरवर गाणी जोरात लावली, तर मोबाईलमधल्या मॅपवाल्या बाईचा आवाज ऐकू येईना. वळण चुकलं. गाणी बारीक केली, तर मागून माझी मावशी म्हणाली, "काहून कमी करून राहिला रे?"

शेवटी गाणी पुन्हा वाढवायला लावून तिनंच मोबाईल कानाला लावला. त्या बाईला "व्हय, व्हय" म्हणायची अन् मला ओरडून सांगायची, "उजवीकडं घे!"

बराबर मांडवापुढं पोचलो. उतरताना मावशी मोबाईलला म्हणाली, "इथवर आणलंस, आता जेवल्याबिगर जाऊ नको बाई!"

तुमी कधी विचारलं का तिला जेवायचं?