ओकवरचे करांदे

माझ्या बाबांना आयतं खाणं मानवत नाही. राजापूरहून ते सिंगापूरला, क्लेमेंटीत माझ्याकडे राहायला आले आणि आठवड्याभरातच वैतागले. "नुसतं बसून गिळायचं, हे काय जिणं झालं?" असं रोज सकाळी ऐकून मी ऑफिसला पळायची. शेवटी एका शनिवारी त्यांना सोबत जंगलात नेलं.

आमचा लहानसा गट शनिवारी जंगलाच्या कडेला उपऱ्या वेली काढतो. सिंगापूरच्या रानात इथले मूळचे ओक आहेत, हे मलाही गटात आल्यावरच कळलं. बाबांना तर ओक हे फक्त आडनाव माहीत. आमच्या वाट्याला आलेला ओक अजून कोवळा होता, आणि आफ्रिकेतून आलेल्या एका वेलीनं त्याला पार झाकून टाकलं होतं. ऊनच मिळत नव्हतं बिचाऱ्याला.

"अगं, हे तर करांदे!" बाबा जवळजवळ ओरडलेच.

वेलीवर जांभळट गड्डे लटकत होते आणि आम्ही कोकणात उकडून खातो त्या करांद्यांची ती सख्खी भावंडं शोभली असती. मी सांगितलं, की हे विषारी आहेत, आणि एक गड्डा जरी मातीत राहिला तरी नवी वेल उगवते, म्हणून सगळे वेचून पिशवीत भरायचे.

"विषारी कसले? कडू असतील. राख घालून उकडले की झालं."

मी दुर्लक्ष केलं. बाबांशी वाद घालायचा तर पूर्ण सुट्टी काढावी लागते. गटाच्या म्होरक्या, एक निवृत्त चिनी शिक्षिका, त्यांना आम्ही सगळे आंटी म्हणतो. त्यांनी घरी केलेली चिकट तांदळाची मिठाई बाबांपुढे धरली. बाबांनी ती संकोचून घेतली.

संध्याकाळी मी बाजारातून परतले तर कुकरच्या शिट्ट्या.

"काय शिजतंय?"

"करांदे. चार खिशात टाकून आणले होते. आधी मी चाखून बघतो, चांगले लागले तर पुढच्या वेळी आंटींना नेऊ."

माझं डोकंच फिरलं. गॅस बंद केला आणि वाट्टेल ते बोलले. "तुम्हाला काही झालं असतं तर?"

बाबा खुर्चीत बसले. "सगळे मलाच देतात गं इथे," ते म्हणाले. "वाटलं, या देशात एक तरी वस्तू माझ्या ओळखीची निघाली."

मला फार वाईट वाटलं. तरी कुकर मी दोनदा घासला.

पुढच्या शनिवारी बाबांनी आपली फजिती स्वतःच आंटींना सांगितली. इंग्रजी अपुरं पडलं तिथे पोट धरून, डोळे फिरवून दाखवलं. आंटी हसून हसून खालीच बसल्या. मग आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या, "बट अंकल, युअर आइज सो गुड! वी ऑल कान्ट सी. यू फाइंड फॉर अस, लाह."

आणि खरोखरच, पाचोळ्यात लपलेला गड्डा आम्हाला दिसत नाही तो बाबांना लांबून दिसतो. आम्ही वेल बुंध्याशी कापायची, बाबांनी खालचं वेचायचं, असं ठरून गेलं. माझ्या पायाशी एक राहिला, तर खेकसले, "हा कोण उचलणार, तुझा बाप?" आणि स्वतःच हसत वाकले.

ओकचा शेंडा मोकळा झाला, त्याला नवी पालवी आली. परवा गटात एक नवीन बाई आल्या, चिपळूणच्या. पहिला गड्डा हातात घेऊन त्या हरखल्या. "काका, करांदे ना हे? थोडे घरी नेऊ?"

"अजिबात नाही!" बाबांनी तो काढूनच घेतला. "हे आमच्या ओकच्या मुळावर उठलेत."

आमच्या, म्हणाले. मी कात्री हातात धरून तशीच उभी राहिले.

"ये, दाखवतो तुला," म्हणत बाबा पुढे झाले, आणि नव्या माणसाला आपलं घर दाखवावं तसे त्या बाईंना झाडाकडे घेऊन गेले.