दसऱ्याचा हिरवा रंग

सदू साठे गेल्याचं कळलं ते न्युरेम्बर्गहून त्याच्या घरमालकिणीने लिहिलेल्या पत्रातून. हृदयविकार, अगदी अचानक... पत्र वाचून मला आधी रडू नाही, राग आला. आठ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो आणि हा भांडण अर्धवट टाकून निघून गेला होता.

भांडण झालं ते एका जुन्या पिकअपवरून. स्टुटगार्टला आम्ही दोघं डॉक्टरेट करत होतो, शेजारशेजारच्या खोल्यांत राहत होतो. माझी बायको सुमन भारतातून यायची होती. बिऱ्हाडाचं सामान वाहायला उपयोगी पडेल म्हणून ती गाडी आम्ही दोघांत मिळून घेतली. तेवढ्यात दसरा आला. सांगलीला वडिलांच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला एकेक यंत्र घासूनपुसून रंगवलं जायचं. त्याच सवयीने मी बॉनेट उघडून सुटं होईल ते सुटं केलं, आतला पत्रा हिरव्या रंगाने रंगवला, सगळं पुन्हा जागच्या जागी आवळलं आणि झेंडू नाही म्हणून डेलियाची माळ घातली. सदू म्हणाला, "वा, नवरी दिसतेय!"

ही नवरी आठवडाभरात रुसली. कधी पटकन सुरू व्हायची, कधी नुसतं 'टक्' करून गप्प. मी म्हणायचो, बॅटरी बदलू, स्टार्टर बदलू, मोकळे होऊ. सदू विजेतला माणूस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्याचा हट्ट. "अरे विनू, सगळंच बदललं तर काय बिघडलं होतं ते कळणार कसं?" आणि त्याने मीटर लावला की गाडी हमखास शहाण्यासारखी सुरू व्हायची. मी खूश व्हायचो, सदूचं तोंड उतरायचं. "चालू झाली म्हणजे बरी झाली असं नाही," हे वाक्य मी त्या थंडीत इतक्यांदा ऐकलं की गाडीपेक्षा त्याचाच वैताग आला. शेवटी गाव डोंगरउताराचं म्हणून आम्ही ती कायम उताराकडे तोंड करून लावू लागलो. सुरू नाही झाली तर सोडून द्यायची, घरंगळता घरंगळता इंजिन पकडायचं.

सुमन जिनोव्हाला बोटीतून उतरून आगगाडीने यायची होती. त्या दुपारी पाहतो तर गाडी सपाट अंगणात. तपासायला म्हणून सदूनेच आणून ठेवलेली. बटण दाबलं... टक्. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. सदू मीटर घेऊन धावत आला, चेहरा नुसता उजळलेला. "हात लावू नकोस! आत्ता बिघडलेली आहे, आत्ता सापडेल. दहा मिनिटं दे."

"माझी बायको फलाटावर उभी राहील तिकडे!"

"दहाच मिनिटं रे. ढकललीस तर पुन्हा निसटेल."

मी दिली दहा मिनिटं. मग आणखी दहा. मग शेजाऱ्यांना हाका मारून, सदूला बाजूला सारून गाडी ढकलली. ती अर्ध्या वाटेत पुन्हा बंद पडली. सुमन दोन तास ट्रंकेवर बसून होती, भाषा येत नाही, अंगात पातळ स्वेटर. परत आल्यावर मी सदूला तिच्यासमोर नको नको ते बोललो. "तुझ्या प्रयोगापायी माझ्या बायकोचे हाल झाले." दुसऱ्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "झालं. एक जोड नीट नव्हता. आता दगा देणार नाही." मी 'बरं' सुद्धा म्हटलं नाही. महिन्याभरात गाडी द्राक्षमळेवाल्या माउररला विकली, सदू न्युरेम्बर्गला नोकरीवर गेला, आम्ही स्टुटगार्टलाच राहिलो, आणि पाहुण्यांना मी ती दोन तासांची गोष्ट रंगवून सांगत राहिलो.

पत्र आल्यानंतरच्या शनिवारी बाजारात माउररची पिकअप दिसली. आमच्या दोघांचं म्हणून तेवढंच उरलेलं... मी बॉनेट उघडून बघू का विचारलं. आत माझा हिरवा रंग तसाच होता. फक्त बॅटरीची जाड पट्टी जिथे पत्र्याला बोल्टने आवळलेली असते, तिथे रुपयाएवढी जागा खरवडून लख्ख केलेली. वीज तिथूनच परत फिरते. मधे रंग आला तर कधी वाट मिळते, कधी नाही. ती पट्टी ताज्या रंगावर मीच बसवली होती.

"तो बोल्ट?" माउरर म्हणाला. "हो, तुझा मित्र येतो ना दर उन्हाळ्यात घासायला. गंज धरतो म्हणतो. यंदा अजून आला नाही. तुझी बायको रुळली का, ते विचारत असतो."

दर उन्हाळ्यात! माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर! अरे, एकदा येऊन माझ्या तोंडावर सांगायचं होतंस, की गाढवा, रंग तुझा होता. मी काय केलं असतं? भांडलोच असतो बहुतेक.

घरी येऊन सुमनला सगळं सांगितलं. तिने शेगडी बंद केली. मग म्हणाली, "अहो, आणि मी त्यांना इतकी वर्षं नावं ठेवली."

माउररला मी सदूचं सांगितलं, आणि बोल्ट घासायला आता मी येईन म्हटलं. काचकागद आणून दाराशी ठेवला आहे. परवा गेलो होतो. घासून, पट्टी आवळून बटण दाबलं. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली, आणि मला सदूचं त्या थंडीतलं ते वाक्य ऐकू आलं.