तांदळांच्या आधीचं नाव

"मूळ कुठंय?"

काकूंचा हा पहिला प्रश्न. नमस्कार त्यानंतर. पापाटोएटो या आमच्या उपनगराच्या लायब्ररीत दर शनिवारी सकाळी खिडकीजवळच्या टेबलाशी त्या बसत. पुढ्यात शिक्का, निळं पेन आणि खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. आधी कागद दाखवायचे, मगच वडी. आता तिथे दुसरे एक गृहस्थ बसतात. ते भले आहेत, पण वड्या नाहीत.

इथे ‘जस्टिस ऑफ द पीस’ नावाची माणसं सरकार नेमतं. नाव भारदस्त असलं तरी काम बरंचसं आपल्या नोटरीचं. मूळ कागद पाहून प्रतीवर शिक्का मारायचा, प्रतिज्ञापत्रावर समोर सही करून घ्यायची, आणि हे सगळं फुकट. काकू इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागातून निवृत्त झालेल्या, त्यामुळे कागद हा त्यांचा देव. परदेशी राहिलेल्या तुम्हा मंडळींना अशी एक बाई ठाऊक असेलच. नसेल, तर तुमचे अर्ज नक्की परत आले असतील.

मी पहिल्यांदा गेले ती लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन. मूळ घरी राहिलं होतं.

"काकू, तुम्ही ओळखता ना मला!"

"तुला ओळखते गं. कागदाला कुठं ओळखते?"

मुकाट्यानं घरी जाऊन मूळ घेऊन आले. त्या दिवशी मला दोन वड्या मिळाल्या.

मुलगी झाली तेव्हा जन्मनोंदणीचा अर्ज त्यांना दाखवला. आपल्या सवयीनं मी मधे नवऱ्याचं नाव घातलं होतं. काकूंनी चष्म्यावरून पाहिलं.

"इथे हे तिचंच दुसरं नाव होणार हं. वर्गात कुणी ‘प्रशांत’ म्हणून हाक मारली तर ओ द्यायला शिकवून ठेव."

मी ते नाव काढलं. प्रशांत दोन दिवस फुगून बसला होता.

एका शनिवारी कुणीच आलं नव्हतं. मी थट्टेनं म्हटलं, "काकू, सगळ्यांची मुळं तपासता. तुमचं मूळ कुठंय?"

त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"माझ्या जन्माच्या नोंदीत नुसतं ‘मुलगी’ लिहिलंय. बारशाआधीच वडील नोंद करून आले. लग्नात ह्यांनी ताम्हनातल्या तांदळांत अंगठीनं दुसरं नाव लिहिलं, तेव्हापासून ते. मधली मी फक्त शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आहे." मग म्हणाल्या, "ते नाव परत घ्यायचंय मला. हे होते तोवर नाही घेतलं. किती हौसेनं लिहिलं होतं त्यांनी."

त्यांचा मुलगा ख्राइस्टचर्चला इंजिनिअर. त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "आई, दॅट्स हीप्स ऑफ पेपरवर्क. अँड बाबांना काय वाटलं असतं?" एवढंच बोलला, पण काकूंनी वर्षभर विषय काढला नाही. मला त्याचा फार राग आला होता.

पुढे त्याच्या मुलीला शाळेत आपल्या पूर्वजांची नावं सांगायची होती. इथल्या शाळांतून माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, रीतीनं ते शिकवतात. आजीचं लहानपणीचं नाव काय, असं तिनं विचारलं आणि त्याला सांगता येईना. त्यानं स्वतःच फोन केला. "डू इट, आई," म्हणाला. "आणि ते नाव काय, ते मला सांग."

पुढच्या शनिवारी काकू टेबलाच्या अलीकडे, रांगेत बसल्या. स्वतःचं प्रतिज्ञापत्र स्वतः करता येत नाही, म्हणून पलीकडे शिक्का घेऊन दुसरे जस्टिस ऑफ द पीस, एक सामोअन गृहस्थ होते. काकूंनी पासपोर्ट ठेवला आणि त्यावर शाळेचा तो पिवळा पडलेला दाखला.

"हा लागत नाही," ते म्हणाले. "आताचं नाव सिद्ध झालं की पुरे. पुढचं तुम्ही निवडायचं."

"मी फॉर्म वाचलाय," काकू म्हणाल्या. "तरी बघा."

गृहस्थांनी तो भिंगातून नीट पाहिला. मराठीतलं एक अक्षर त्यांना कळणार नव्हतं, तरी मान डोलावली. मोठ्या मनाचा माणूस. मग ‘नवीन नाव’ या रकान्यापाशी काकूंचं पेन अडलं.

"नवीन कसलं? बारशाचं आहे," त्या माझ्याकडे पाहून पुटपुटल्या, आणि लिहिलं.

नाव बदलल्याचा दाखला टपालानं आला. मी पेढे घेऊन गेले, तर काकू म्हणाल्या,

"कागदावर आलं गं. हाक कोण मारणार? त्या नावानं ओळखणारं कुणी उरलं नाही. तू काकू म्हणणार, तो आई म्हणणार."

थोरांना नावानं हाक मारायला माझी जीभ वळत नाही. म्हणून तर ते नाव इथेही लिहीत नाही.

मुलाकडे कायमच्या जाण्याआधी त्यांना फ्लूची लस घ्यायची होती. मीच क्लिनिकमध्ये घेऊन गेले. आम्ही पिशवीतल्या कागदांवरून बोलत बसलो होतो. दारात नर्स आली. ती पंचविशीची असेल. हातातली यादी पाहून तिनं मोठ्यानं, नुसत्या नावानं हाक मारली, इथे सगळ्यांनाच मारतात तशी.

काकूंच्या लक्षात आलं नाही. मी कोपर लावणार तोच नर्सनं पुन्हा हाक मारली.

काकू ताडकन उठल्या. पिशवी खाली पडली, कागद पसरले, त्यांनी पाहिलंही नाही. हात वर केला आणि अख्ख्या क्लिनिकला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"हजर!"