बोटभर उचललेलं बॉनेट

आमच्या आत्याचा धंदा गाडीतली उष्णता आवरण्याचा. टर्बो बसवून ताकद वाढवलेल्या गाडीत बॉनेटखाली भट्टी पेटते. आत्या तिथल्या तापलेल्या पाइपांना जाड पट्ट्या गुंडाळते, मधे पत्र्याचे आडोसे घालते आणि गरम हवेला बाहेरची वाट दाखवते. माणसांच्या बाबतीत मात्र तिचं सगळं उलटं. तिथे एकदा आत गेलेली धग बाहेर पडत नाही.

तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे काका, आधी तिच्याच गॅरेजमध्ये भागीदार होते. घाटचढणीच्या शर्यतीत तिने थंड ठेवलेली गाडी चालवून ते जिंकले आणि कॅमेऱ्यासमोर छाती फुगवून म्हणाले, "डोकं माझं. ताई काय, पट्ट्या गुंडाळते."

त्याच दिवशी आत्याने भागीदारी मोडली आणि सगळ्यांना बजावलं, "ह्याची गाडी भर चढणीत उकळणार, आणि मी ती समोर बसून बघणार." तेव्हापासून बहीणभाऊ माझ्या वडिलांमार्फत बोलत. एकाच टेबलावर जेवताना आत्या म्हणायची, "दादा, त्याला सांग, मीठ दे." बाबा मीठ स्वतःच उचलून द्यायचे.

काकांनी समोरच गॅरेज काढलं. कल्पना मात्र आत्याच्याच असत. तिने गाडीत काही नवं केलं की चार दिवसांत ते काकांच्या गाडीत उगवायचं. यंदा शर्यतीआधी तिने बॉनेटच्या काचेकडच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून मागची कड बोटभर उचलली आणि चालू इंजिनाने गाडी मुद्दाम दारात उभी केली. फटीतून अशी भसाभस गरम हवा निघाली की समोर काकांची मान जिराफासारखी झाली.

"झकास दिसतंय की," मी म्हटलं.

"उभ्या गाडीला झकासच. वेगात काचेच्या पायथ्याशी वारा दाबून बसतो, तो त्याच फटीतून उलटा आत घुसतो. मग रेडिएटरची गरम हवा जाईल कुठे? त्याला सांगितलंस तर तंगडं मोडीन."

तंगड्यांवर माझं प्रेम आहे.

शर्यतीत माझी नेमणूक एका अवघड वळणावर, निशाण घेऊन. काकांची गाडी आली ती बॉनेटची मागची कड बोटभर उचललेली, किटलीसारखी फुसफुसत, आणि कडेला बसली. मागून स्वतःची गाडी चालवत आत्या आली. ती जिंकणार असं जो तो म्हणत होता. तिने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, पाण्याची बाटली घेऊन उतरली आणि काकांसमोरच्या कठड्यावर ऐसपैस बसली.

"आत्या, शर्यत!" मी किंचाळलो.

"ती दरवर्षी असते."

"ताई, पाणी दे गं," काका म्हणाले. कित्येक वर्षांतलं हे पहिलं थेट वाक्य.

आत्याने बाटली उघडली आणि सावकाश, घोट घोट करत स्वतः प्यायली. "डोकं कोणाचं?"

काकांचं लक्ष तिच्या बॉनेटकडे गेलं. ते सपाट बसलेलं होतं. "तुझे वॉशर कुठेत?"

"डब्यात."

काका लालबुंद झाले. मग एकाएकी खुलले. "अगं, तापलेला टर्बो तू तसाच बंद केलास?"

आत्या धावली. स्टार्टर नुसता घरघरला. वारा थांबल्यावर बॉनेटखालची उष्णता जागीच कोंडली होती, पाइपातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ झाली होती, ते इंजिनापर्यंत पोचतच नव्हतं.

"तिला सांग," काका मला म्हणाले, "माझ्याकडे पाणी नाही."

शर्यत थांबवून ओढगाडी आली. चालकाने विचारलं, "आधी कोण?"

"हा," आत्या म्हणाली. "खाली अजून गर्दी आहे."

साखळ्या बांधेपर्यंत तिचं इंजिन निवलं आणि सुरू झालं. शेवटची रेघ वर होती. तिने गाडी खाली वळवली आणि ओढगाडीच्या मागे लागली. प्रत्येक वळणावर ती इतका लांब हॉर्न वाजवत होती, की पाठ फिरवून घरी निघालेले लोकही बघायला परत आले.