मास्तरांची अर्धी गोळी

मास्तरांनी शाळेचं तोंड चौथीपर्यंतच पाहिलं होतं, तरी सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, कारण ते कपडे शिवायचे, गल्लीतल्या गिऱ्हाइकांचे आणि मोठ्या दुकानांचेही. कापड वाचवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बापाच्या सदऱ्यातून उरलेल्या तुकड्यांत ते लेकराचं झबलं बसवत आणि वर गिऱ्हाइकाला बजावत, "कापड फेकायचं नसतं, फिरवून बघायचं असतं."

हीच अक्कल त्यांनी औषधाला लावली आणि तिथं घात झाला.

रक्तदाबाची गोळी त्यांना जन्माची लागली होती. नामांकित कंपनीची गोळी, भाव ऐकूनच रक्तदाब वाढावा अशी. औषधाच्या दुकानातली बाई सांगून थकली, "मास्तर, हेच औषध साध्या नावानं पाव किमतीत मिळतं. डॉक्टरांनीही चालेल म्हणून लिहिलंय."

"स्वस्तातला रंग पहिल्या धुण्यात जातो," म्हणून मास्तरांनी महागाचंच पाकीट उचललं. घरी येऊन काज कापायच्या छोट्या कात्रीनं प्रत्येक गोळीचे दोन तुकडे केले. अर्धी आज, अर्धी उद्या. बायकोला पत्ता लागू दिला नाही. लेकाकडे पैसे मागितले असते तर त्यानं दिले असते, पण सुंभ जळला तरी पीळ जाईल तो मास्तरांचा कसला.

एका दुपारी मशीनवर बसल्या बसल्या त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि सुई बोटात शिरली. बायको चिंधी शोधायला खण उघडते, तर दोऱ्याच्या रिळांमागे डबीत अर्ध्या गोळ्या. ती डबी घेऊनच ती त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी डबीत पाहिलं. "अहो मास्तर, ही गोळी तोडायची नसते. पोटात हळूहळू विरघळावी म्हणून तशी केलेली असते. असंच चाललं तर एक दिवस अर्धं अंग लुळं पडेल."

घरी आल्या आल्या बायकोनं मशीनशेजारच्या ढिगातून दोन शर्ट उचलून त्यांच्यापुढे धरले.

"यातला चांगला कोणता?"

"दोन्ही सारखेच. एकाच ताग्यातले, मीच शिवलेत. हा मोठ्या दुकानात जाईल, त्याला त्यांचं लेबल लावलंय. तो बाजारात, बिनलेबलाचा."

"मग मोठा दुकानदार तिप्पट पैसे कशाचे घेतो?"

"लेबलाचे," मास्तर म्हणाले.

"आयुष्यभर तुम्हीच ती लेबलं शिवलीत, आणि तुम्हीच त्यांना भुललात?" ती म्हणाली. "मला लेबल नको हो. मला माझा माणूस अख्खा हवाय."

मास्तरांनी मान खाली घातली. उठून ते औषधाच्या दुकानात गेले आणि साध्या नावाचं पाकीट मागितलं. दुकानातली बाई हसली नाही, हे तिचे उपकार.

आता रोज सकाळी ते बायकोसमोर अख्खी गोळी गिळतात. काजाची कात्री तिनं कुठंतरी दडवून ठेवलीय. मास्तर काजं ब्लेडनं कापतात, दोनदा बोटही कापून घेतलं, पण कात्री कुठंय असं त्यांनी अजून विचारलेलं नाही.