रिंग तपासावी

किस्से कोणी जमवत नाही. पंचवीस वर्षं एका खोलीत काम केलं की ते कपड्यावरच्या धुळीसारखे आपोआप जमतात. माझ्यासोबत कामाला असलेला खुलताबादचा रशीदभाई आजही भेटला की एक झटकतो, मी दुसरा. एक मात्र दोघंही शेवटी ठेवतो, कारण त्यात त्याची नोकरी जायला निघाली होती. इथंही तो शेवटीच येईल.

माझा जन्म हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी, पिशोरला. शिक्षण सातवी. वाळूजच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सेक्शनला अटेंडंट म्हणून लागलो. तिथं कपाटाएवढाल्या टेप ड्राइव्ह होत्या. ताटाएवढ्या रिळावर टेप गुंडाळलेली, कारखान्याचा सगळा हिशेब-किताब त्या टेपवर. मशीनसोबत आलेलं पुस्तक इंग्रजीत. ते आम्हा लोकांसाठी मराठीत लिहायचं काम सेक्शनमधल्या सुरडकर मॅडमकडं आलं.

*

पुस्तकात पहिलंच वाक्य होतं, 'हेड रोज पुसावा.' हेड म्हणजे ज्याला घासून टेप पुढं जाते तो भाग. बजाजनगरचा सुरेश नवीन लागला होता. त्यानं इमानदारीनं पुसला, खिशातल्या रुमालानं. त्याच रुमालानं तो डोक्याचं तेलही पुसायचा!

दोन दिवस एकही टेप वाचली जाईना. मॅडमनी विचारलं, "अरे, कशानं पुसलास?"

"कशानं ते लिहिलंच नाय, मॅडम."

मॅडमनी लगेच वाक्य बदललं, 'बाटलीतल्या स्पिरिटनं, कापसाच्या बोळ्यानं पुसावा. रुमालानं पुसू नये.' तेवढ्यावर सुरेश म्हणतो, "टॉवेल चालंल का?"

*

दुसरं वाक्य, 'टेप थंड जागी ठेवाव्यात.' मे महिना. सुरेशनं सहा टेपा नेऊन पिण्याच्या पाण्याच्या माठामागं, ओल्या वाळूत लावून ठेवल्या.

मी झापलं. तो म्हणाला, "मामा, या अख्ख्या कंपनीत याच्याहून थंड जागा दाखवा, तिथं ठेवतो!"

मॅडमनी 'थंड'च्या पुढं 'आणि कोरड्या' लिहिलं.

*

त्यानंतर मॅडमनी एक रीत पाडली. पान लिहून झालं की मला बोलवायच्या. मी वाचणार आणि लिहिलंय तेवढंच करणार. त्यांनी सांगायचं नाही, मी विचारायचं नाही. अडलो की हात वर करून उभं राहायचं.

एकदा लिहिलं होतं, 'दिवा लागल्यावर दार उघडावे.' मी हात वर करून उभा राहिलो. बराच वेळ झाला. शेवटी त्यांनाच राहवलं नाही.

"का थांबलात, मामा?"

"दिवे पाच आहेत."

"अहो, हिरवा! समजतंच ना ते!"

"तुम्हाला समजतं. मी कागदाला विचारतोय."

मॅडम हसल्या नाहीत. हिरवा लिहिलं. त्या दिवसापासून मला त्यांच्याबद्दल आदर.

*

पुण्याहून एक इंजिनियर आला होता. मला मशीनसमोर हात वर करून उभा पाहून मॅडमना म्हणाला, "सातवी पास माणसाकडून मॅन्युअल तपासून घेता?"

मीच उत्तर दिलं. "साहेब, शिकलेला माणूस चुकीचं लिहिलेलंही बरोबर वाचतो. म्हणून तो या कामाचा नाही."

सेक्शनमध्ये हे वाक्य आठवडाभर फिरलं. मीही ताठ मानेनं फिरलो.

*

आता रशीदभाईचं.

रिळाच्या मागं एक पिवळी प्लास्टिकची रिंग बसवता येते. रिंग असली तर टेपवर नवीन लिहिलं जातं, आणि जुनं पुसतं. रिंग काढली की मशीन टेप फक्त वाचतं. म्हणून जुनी टेप वाचायला लावताना रिंग काढायचीच. पुस्तकात लिहिलं होतं, 'वाचायची टेप लावताना रिंग तपासावी.'

रशीदभाईनं एक जुनी टेप लावली. त्याच दिवशी नेमका प्रोग्रॅम चुकीचा चालला आणि त्या टेपवर लिहीत सुटला. रिंग काढलेली असती तर मशीन अडलं असतं. मालाच्या तपासणीच्या दोन महिन्यांच्या नोंदी गेल्या.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "रिंग तपासली होती?"

"तपासली ना, साब. होती."

साहेबांनी कागद मागवला. नोकरीवरून काढायचा.

ते पान मी पास केलं होतं. तपासताना रिंग दिसली आणि मी सवयीनं काढली. कागदाला विचारलंच नाही! इंजिनियरला जे ऐकवलं होतं, ते मीच केलं होतं.

रशीदभाई बाहेर बाकावर बसला होता. मला म्हणाला, "जाने दो मामू, तुम बीच में मत पडो. तुम्हारी बी जाएगी."

मी आत गेलो. म्हणालो, "साहेब, ते पान मी तपासलंय. चूक माझीही आहे."

"चूक कसली? रिंग तपासावी. यात न समजण्यासारखं काय आहे?"

"मग तुम्हीच एकदा लावून दाखवा."

तिथंच बसलेल्या मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. साहेब उठले. सगळे मशीनपाशी आलो, रशीदभाईसुद्धा. मी रिंग बसवलेली एक कोरी टेप त्यांच्या हातात दिली. "ही जुनी आहे, वाचायची आहे, असं समजा." आणि पुस्तक त्यांच्यासमोर धरलं.

साहेबांनी चष्मा लावला. ओळ वाचली. रीळ उलटं केलं, पिवळ्या रिंगवरून गोल बोट फिरवलं.

"आहे," म्हणाले, आणि टेप तशीच, रिंगसकट मशीनवर चढवून दार लावलं.

मागून रशीदभाई हळूच म्हणाला, "साब, मैं बी येइच बोला था."