साडूच्या सातमजलीत दोन दिवस

वाचकहो, उशीर झाला, माफी असावी. औंढ्याच्या प्रवासाचं लिहिलं तेव्हा शेवटी कबूल केलं होतं की हिंगोलीची नवी सातमजली बघून येतो आणि आल्याबरोबर लिहितो. अक्षय तृतीयेला बघून आलो. आता पोळा होऊन गेला. मधल्या काळात दोन-तीन जणांनी इथं खाली विचारलं की बाबा, बरे आहात ना. बरा आहे. लिहायला बसलो की पेन पुढं सरकत नव्हता, एवढंच. माझी शाळा चौथीपर्यंत. मी वहीत लिहितो आणि आमच्या डोंगरकड्याचे एक मास्तर ते कॉम्प्युटरवर चढवतात. या वेळी वही द्यायला मीच टाळाटाळ केली. त्यांचा दोष नाही.

ज्यांना हिंगोली माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. हिंगोली जिल्हा झाला, ऑफिसं आली, साहेब लोक आले, आणि गावाबाहेरच्या रानाला भाव आला. तिथं आता सात मजल्यांची इमारत उभी आहे. खाली दुकानं, वर राहायचे फ्लॅट. आमच्या भागात एवढं उंच कोणी बांधलं नव्हतं. लोक बाहेरगावाहून बघायला येतात. त्यातला पाचव्या मजल्यावरचा एक फ्लॅट माझ्या साडूचा, मारोतरावचा. वास्तुशांतीचं बोलावणं आलं म्हणून गेलो.

आता खरं लिहितो. ती जमीन अर्धी माझी झाली असती. जिल्हा व्हायच्या चार वर्षं आधी मारोतराव माझ्याकडे आला होता. म्हणाला, दोघं मिळून घेऊ. तेव्हा तो शेळ्यांचा व्यापार करायचा, माझ्याकडे मेंढरं होती. त्याच रानात आम्ही मेंढरं बसवायचो. शेतमालक खतासाठी दोन-तीन रात्री कळप ठेवून घ्यायचा आणि बदल्यात ज्वारी द्यायचा. मला वाटलं, जिथं लेंड्या पडतात तिथं कोण राहायला येणार. कागद खोटे निघाले तर काय, जिल्हा झालाच नाही तर काय. आठ दिवस झोप नाही लागली. मग नाही म्हणालो. त्यानं एकट्यानं घेतली, पुढं बिल्डरला दिली आणि बदल्यात फ्लॅट आणि खाली दोन दुकानं घेतली. मला त्याचा हेवा वाटतो. खोटं काहून बोलू?

सकाळच्या एसटीनं निघालो. मी आणि आमची गिरजा. दोघांचीही ज्येष्ठांची कार्डं असल्यानं दोन अर्धी तिकिटं, म्हणजे एका माणसाच्या पैशात दोघं. गिरजाचे गुडघे गेलेत. पायरी चढायला कंडक्टरनं हात दिला. मांडीवर आमच्याकडच्या केळीचा घड, पिशवीत आहेर. आखाडा बाळापूरला गाडी बराच वेळ थांबते. उतरून गरम भजी घ्यावी, मिरची वेगळी मागून घ्यावी. कळमनुरीला चहा चांगला मिळतो, पण गाडी कधी सुटेल याचा नेम नाही. मी कप हातात घेऊन ड्रायव्हरकडे बघत उभा होतो, निम्मा चहा तिथंच टाकून पळत आलो. गाडी त्यानंतर दहा मिनिटांनी हलली.

"तुमाला कुठंच दम निघत न्हाई," गिरजा म्हणाली.

तिला वाटेतच सांगून ठेवलं होतं. कौशी, म्हणजे तिची धाकटी बहीण, फोनवर दोनदा म्हणाली होती की आक्काला गुडघे बरे होईस्तोवर माझ्याकडे ठेवा. मी गिरजाला म्हणालो, काही झालं तरी उद्या आपण दोघं परत. ती खिडकीबाहेर बघत होती. हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. 

हिंगोली स्टँडवरून रिक्षावाल्याला सातमजली एवढं सांगितलं तरी पुरतं. लांबूनच दिसते. पिवळा आणि लाल रंग, प्रत्येक गॅलरीला चकचकीत नळ्यांचे कठडे. खाली कापडाचं दुकान, मोबाइलचं, औषधाचं, एक बेकरी, आणि एक मोठं दुकान जिथं आपणच टोपली घेऊन हिंडायचं आणि पाहिजे ते उचलायचं. तिथं दारातच केळी ठेवलेली. आमच्याकडच्यासारखीच, पण एकेका फणीला प्लास्टिक गुंडाळलेलं. मांडीवर आणलेला घड मला एकदम जड वाटायला लागला. दुकानात थंड हवा होती. ही दुकानं बघताना मी एकेका शटरकडे बघून मनात म्हणत होतो, हे मारोतरावचं, ते माझं असतं.

लिफ्टच्या दारात गणपतीचं चित्र लावलेलं. आम्ही दोघांनी वहाणा काढून बाहेर ठेवल्या आणि आत गेलो. दार लागलं, वर गेलो, आणि पाचव्या मजल्यावर अनवाणी उतरलो. मारोतरावच्या सुनेनं हसू दाबत खाली वॉचमनला फोन केला. तिनंच सांगितलं की पहिल्या महिन्यात रोज दहा-बारा जोड खाली राहायचे. तुम्ही गेलात तर वहाणा पायातच ठेवा.

घर बघून घ्या असं सून म्हणाली तेव्हा मी सगळं बघितलं, आणि जरा वाईट नजरेनंच बघितलं. भिंत वाजवून बघितली. पोकळ वाजेल असं वाटलं होतं, नाही वाजली. बैठकीच्या कोपऱ्यात ओल दिसली तेव्हा मला बरं वाटलं. म्हणालो, "नवं घर आन् आत्ताच गळून राहिलं?"

"कूलरचं पानी सांडलं जी, मामा," सून म्हणाली आणि फडक्यानं पुसून टाकलं.

भारनियमन होतं, दुपारी लाइट गेली. मी मनात म्हटलं, आता कळंल पाचव्या मजल्यावरची मजा. खाली कुठंतरी जनरेटर धडधडला आणि लिफ्ट परत चालू झाली.

आता आहेराचं सांगतो, कारण सगळं तिथंच बिघडलं. आमच्यात वास्तुशांतीला घरधनिणीच्या माहेराहून आहेर येतो. नवरा-बायको पाटावर बसतात, माहेरचा माणूस उभा राहून कपडे देतो, आणि एक वडीलधारा मोठ्यानं पुकारतो की अमक्याकडून आहेर आला. गिरजा आणि कौशीला भाऊ नाही, वडील वारले. मग थोरल्या जावयानं माहेर व्हायचं. म्हणजे मीच. ज्याच्या घरावर माझा जीव जळतो त्याच्या डोक्यावर मीच टोपी ठेवायची आणि त्याच्या बायकोला मीच लुगडं द्यायचं. मी त्यात आमच्या लोकरीचं घोंगडंही ठेवलं होतं. मारोतरावनं घोंगडं हातात घेऊन बराच वेळ चाचपलं. त्याच्या बापाचाही मेंढरांचाच धंदा. त्या वेळी त्याच्याबद्दल मला क्षणभर बरं वाटलं होतं, तेही लिहून ठेवतो.

चाळीसएक पाहुणे बसले होते. कौशी पाटावरूनच म्हणाली, "दाजी, आता माहेर झालात तं आक्काला हितं ठिवून जा. लिफ्ट हाये, संडासात बसायचं भांडं हाये, पायऱ्याची तकलीफ न्हाई."

मी काही बोलायच्या आत मारोतराव हसत म्हणाला, "आगं, ते काहून ठिवतील? भाकरी कोन थापंल? आन् साडभाऊला इच्यार करायला येळ लागतो. जमिनीच्या टायमाला पाहिलं न्हाई का?"

सगळे हसले. वाईट बोलला नाही, चेष्टाच केली. साडूनं साडूची करायची तेवढी. पण माझे कान तापले. पुकारणारा म्हातारा अजून उभाच होता. मी त्यालाच म्हणालो, "पुकारा. गिरजा दसऱ्यापर्यंत बहिणीकडं राहील. हे आता तिचं माहेर हाये."

त्यानं पुकारलं. बायकांनी वा वा केलं. मारोतराव गप्प झाला आणि मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. त्याच्या घरात, त्याच्या माणसांसमोर मी मोठा ठरलो. मग गिरजाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. रागावली नव्हती. तपासून बघावं तसं बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत उभा होतो. तिथून कळमनुरीकडचा रस्ता दिसतो, पार लांबपर्यंत. खाली बघितलं तर गिरजा दिसली. एकटी. लिफ्टनं उतरली असणार. बेकरीतून बाहेर आली, मग टोपलीच्या दुकानात गेली, बऱ्याच वेळानं हातात पिशवी घेऊन आली, आणि बाकड्यावर बसून येणारी-जाणारी माणसं बघत बसली. आमच्या घरी चार पायऱ्या आहेत. त्या उतरायला ती मला हाक मारते, आणि मी शेळ्या-मेंढरांकडे असलो की बसून राहते. संडासला परसात लांब जावं लागतं, तिथंही खाली बसायचं. रात्री कण्हते. त्या रात्री कण्हली नव्हती. मला मारोतरावच्या जमिनीचा हेवा वाटत होता तो त्या वेळी विसरलो. मला त्या लिफ्टचा हेवा वाटला.

ती वर आली तेव्हा मी पिशवी भरत होतो. हळूच म्हणालो, "तुझं बी लुगडं भरू का?"

"तुमीच तं पुकारलं."

"ते बोलायचं म्हनून बोललो. मारोत्याचं तोंड बंद करायला."

"मंग कौशीला सांगा तसं."

कौशी स्वयंपाकघरात होती. दहा पावलांवर. मी गेलो नाही. बराबर तिथंच माझं चुकलं. गिरजा थांबली होती, मी काय करतो ते बघत होती. मी म्हणालो, "तुझं तू पाहा."

"बरं," ती म्हणाली.

परतीला एकच अर्धं तिकीट. बाळापूरला गाडी थांबली, उतरलो नाही.

घरी आल्यापासून लोक विचारतात, काय पाहिलं. मी सांगतो, लिफ्ट पाहिली, जनरेटर पाहिला, गॅलरीतून रस्ता पाहिला. बघायला जरूर जा, फुकट आहे, वॉचमन अडवत नाही, खालच्या बेकरीत खारी ताजी मिळते. आमच्या तालुक्यातही असं काही उठेल, दहा वर्षांत उठेल. तेव्हा कोणी भागीदारी विचारली तर एकट्यानं रात्र काढू नका, घरात बायकोला विचारा. मी तेव्हाही विचारलं नव्हतं. मी नाही म्हणालो हे तिला कौशीकडून कळलं होतं.

फोन होतो. पण तो मारोतरावच्या बैठकीत आहे, तोच उचलतो, आणि देताना म्हणतो, "आक्का, घ्या, भाकरीची याद आली वाटतं." मग ती म्हणते बरी हाये, मी म्हणतो मी बी बरा हाये. दोघं ठेवून देतो. मुदतीआधी आणायला जावं तर पुकारलेला शब्द खोटा पडतो. पुकारून माहेरी ठेवलेल्या बायकोला नवराच लवकर काढून नेतो, असं कोणी केलंय का? बाई स्वतः म्हणाली की मला जायचंय, तर गोष्ट वेगळी. तेव्हा कोणी काही बोलत नाही.

म्हणून आता वही मास्तरांकडे दिली. मारोतरावच्या घरी कॉम्प्युटर आहे आणि सूनबाई हे वाचते, तिनंच मला सांगितलं होतं. सूनबाई, हे वाचून दाखवशील तेव्हा मारोतराव दुकानावर गेलेला असेल अशी वेळ बघ.

गिरजा, आषाढात गवंडी लावला. चार पायऱ्या फोडून उतार केला आणि बाजूला लोखंडी नळी बसवली, धरायला. शेळ्यांचा कोंडवाडा मागं सरकवला आणि त्या जागेवर, घराला लागून, संडास बांधला. भांडं बसायचं आहे, कळमनुरीहून आणलं. मी बसून पाहिलं, हलत नाही. गवंड्याला मी रोज विचारायचो, पाणी मुरणार नाही ना, तो कंटाळून गेला. लिफ्ट काही होणार नाही. खाली बेकरी नाही. माणसं बघायची तर रस्त्यानं जातात तेवढीच. तुला तिथं करमत असेल तर दसऱ्यापर्यंत राहा, त्यानंतरही राहायचं असेल तर तसं सांग, मी मारोत्याला काही बोलणार नाही. पण यायचं असेल तर दसऱ्याची वाट बघू नको. त्या दिवशी कौशीला सांगायला दहा पावलं गेलो नाही, ते आता सगळ्यांसमोर लिहितो: मला तू घरी पाहिजे.

काय ते कळव. सूनबाईकडून, फोनवरून, बाळापूरच्या बाजाराला येणाऱ्या कोणाकडून, कसंही. फक्त लवकर कळव.